मोठेबाबांची जाळी

फोन महादेवदादाचा होता. मोठेबाबा, म्हणजे त्याचे वडील आणि माझे थोरले काका, पहाटे झोपेतच गेले होते. एवढं सांगून त्याने विचारलं, "तुह्या कॉलेजातून गाडी येते, का आमीच घेऊन येऊ?" वडिलांच्या देहदानाचं नाव काढलं की उठून जाणारा माणूस मला हे विचारत होता. मी एवढंच म्हणाले, पाठवते.

याला दीड महिना झाला. मी चंद्रपूरला वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते, आणि मोठेबाबा आता आमच्याच विभागातल्या मागच्या खोलीत आहेत.

मी आज शिकवते, तेही त्यांच्यामुळेच. पहिल्या वर्षी मी याच विषयात नापास झाले होते. तोंडी परीक्षेत सरांनी वपा विचारली होती. वपा म्हणजे पोटातली चरबीची पातळ चादर. जठराच्या खालच्या कडेपासून ती आतड्यांच्या पुढून लोंबते, खाली दुमडून मागच्या बाजूने वर जाते आणि मोठ्या आतड्याला चिकटते. पुस्तकात हे सगळं एका रेघेत काढलेलं होतं. त्या रेघेचे पदर मला काही केल्या दिसेनात. मी चक्क ती यकृतापासून निघते असं सांगून आले. दिवाळीच्या सुट्टीत वडशाजवळच्या आमच्या गावी पेटी घेऊनच आले आणि घरी सांगितलं, मी परत जाणार नाही. सगळे समजूत घालत होते. मोठेबाबांनी फक्त विचारलं, नेमकं काय समजलं नाही?

दोन दिवसांनी गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. मंडईला घरोघर पाहुणे येतात आणि पाच-सहा घरं मिळून एक बकरा घेतात. मोठेबाबा धान पिकवणारे शेतकरी, पण हात साफ म्हणून बकरा कापायला त्यांनाच बोलवत. पळसाच्या पानांवर ते सारखे वाटे लावत आणि सगळ्यांनी उचलल्यावर उरेल तो स्वतः घेत. त्या दिवशी पोट उघडल्यावर त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये बाई. हेच का तुही वपा? आमी जाळी म्हणतो. एका हातानं नोको धरू, फाटते."

मी दोन्ही हातांनी ती उचलली. उन्हात धरल्यावर रक्तवाहिन्यांच्या कडेने साठलेली चरबी धानाच्या खाचरांमधल्या धुऱ्यांसारखी, बांधांसारखी दिसली, आणि मधला पडदा इतका पातळ की पलीकडचं अंगण दिसावं. दोन पदरांच्या मध्ये माझी बोटं गेली. आत पोकळी होती... पुस्तकातल्या रेघेची पिशवी झाली. बकऱ्याचं पोट चार कप्प्यांचं, माणसाहून वेगळं, हे मला आज माहीत आहे. पण त्या दिवशी जे समजलं ते पुरेसं होतं. मग ते म्हणाले, "जाळी कुठी चिकटली ते पाह्याचं. रोग तिथीच रायते." एकदा त्यांनी अशी चिकटलेली जागा सोडवली, तर आत तार सापडली होती. तो अख्खा बकरा त्यांनी पुरायला लावला होता.

सुट्टी संपल्यावर मी पेटी उचलून परत गेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांचं पोट दुखायला लागलं. अपचन समजून त्यांनी दोन दिवस ओवा खाल्ला. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशननंतर सर्जन मला म्हणाले, वपेने त्याला सगळीकडून गुंडाळून घेतलं म्हणून पू पोटभर पसरला नाही. वपा स्वतःहून कुठे जात नाही. आतड्यांच्या आणि श्वासाच्या हालचालीने ती सरकते, सूज असेल तिथे चिकटते, तिच्यातल्या पेशी तिथे लढतात. वॉर्डात मी त्यांना हे सांगितलं. "म्हणजे आपलीबी चिकटली," म्हणाले आणि हसले. टाके दुखले म्हणून मग पोटावर हात दाबून हसले. "मी मेल्यावर पोरायले दाखवजो. पण तूच दाखवजो. दुसऱ्यायले धरता नाई येत."

महादेवदादा उशाशी उभा होता. "माहा बाप बकरा हाय का, वाटे कराले?" म्हणाला.

"वाटे कायचे रे? एकाच टेबलावर तं रायतो."

दादा बाहेर निघून गेला होता.

घरच्या माणसाच्या टेबलाशी उभं राहू नये, तो तास मी घेतो, असं मोठेबाबा गेल्यावर माझे एक सहकारी आपुलकीने म्हणाले. नव्या सत्राचं वेळापत्रक मीच लावते. उदराच्या तासासमोरची जागा मी आठवडाभर कोरी ठेवली होती. जुन्या सुजेची खूण अजून असेल. मुलं विचारतील, मॅडम, इथे ही अशी का चिकटली आहे? ते फक्त मलाच सांगता येईल... काल दुपारी मी तिथे माझं नाव लिहिलं आणि दादाला फोन केला.

त्याने तारीख विचारून घेतली. "आत नाई येत मी," म्हणाला. "बाहेर बसून राहीन. चालते का?"

चालते, मी म्हणाले. हॉलच्या दाराशी एक बाक आहे. आज तो पुसून घेतला.