मामांच्या जागी दोन डोंगर

अन्याय झाला तो खजुरीच्या दिगंबर मामांवर. आमच्या सुरेखाअक्काच्या लग्नादिवशी, सकाळी नऊ वाजता, कमलनगरात, मंडपाच्या दारात. मामांनी जीपमधून एक पाय खाली टाकला, समोरचा फ्लेक्स बघितला आणि पाय परत आत घेतला.

आमच्याकडं लग्नाच्या फ्लेक्सवर नवरा-नवरी कोपऱ्यात आणि पाहुणे मधोमध असतात. (ज्याचा फोटो नाही तो जेवून जातो, पण वर्षभर बोलत नाही.) त्यात नवरीच्या मामाचा मान पहिला. आणि मामांच्या नावावर काय छापलं होतं? करडा चौकोन, त्यात दोन डोंगर आणि एक सूर्य! फोटो उघडला नाही की कंप्युटर दाखवतो ते चित्र!

हा कट कुणाचा? कॉलेजच्या बससाठी रस्ता अडवलेली मी मुलगी. मी लगेच चौकशी लावली.

मामांच्या मुलानं नव्या, महागड्या फोनवर त्यांचा फोटो काढला होता. त्या फोनचे फोटो एचईआयसी प्रकारात निघतात. फ्लेक्सवाल्या इरफानभाईंचा जुना कंप्युटर ते ओळखत नाही. त्यांनी मला सांगितलं होतं, "ताई, जेपीजी करके भेजो." मी केलं की! फाइलच्या नावातलं 'एचईआयसी' खोडलं, 'जेपीजी' लिहिलं. झालं रूपांतर! (सरकार योजनेचं नुसतं नाव बदलून काम झालं म्हणतं, यावर मी स्वतः पत्रक काढलेलं आहे.)

इरफानभाईंचा परत फोन. "ताई, मामा के जगा पे पहाडां दिखरे."

"बहाणे नकोत! पाठवलंय तसंच छापा. एका ठिपक्याला हात लावायचा न्हाई!"

(एकदा त्यांनी माझ्या पत्रकातलं 'जाहीर धिक्कार' काढून 'नम्र विनंती' टाकलं होतं. तेव्हापासून आमचा हाच करार.)

तर मामा जीपमध्ये. तेवढ्यात शेजारचे काका आले.

"दिगंबरराव, इलेक्शनला उभारायलाव व्हय? चिन्ह झकास मिळालंय!"

"जीप वळव रे!" मामा कडाडले.

आई धावत आली. "अण्णा, असं कामून करायलास? मुहूर्त जवळ आलाय. पोरीला मंडपात कोण आणायचं?"

"त्या डोंगराला सांग की! आधी माझं तोंड लावा, मग उतरतो."

मी जीपसमोर उभी राहिले. मूठ वळली. "मामा! ही तंत्रज्ञानाची दडपशाही आहे!"

"फोटो कुणी पाठवला?"

"...मी."

"मग बाजूला सरक! चाकाखाली येशील."

शेवटी मुंडावळ्या सांभाळत खुद्द नवरी बाहेर आली. मामांच्या मुलाचा फोन घेतला, फोटो उघडला, त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि इरफानभाईंना पाठवला.

"स्क्रीनशॉट साध्या प्रकारात निघतो. आता उघडंल," अक्का म्हणाली. "आणि तू गं, मूठ खाली घे. फोटोग्राफर मलाच सोडून तुझे फोटो काढायलाय."

उघडला! इरफानभाई मामांच्या छापलेल्या फोटोची गुंडाळी घेऊन मोटारसायकलवर हजर. पण मामांनी जीपमधूनच त्यांना परस्पर फोन केला होता: "मोठा छापा!" चिकटवल्यावर मामांचं तोंड नवऱ्यामुलाच्या चौपट झालं. मामांनी मिशीला पीळ दिला, खाली उतरले आणि अक्काला वेळेत मंडपात नेलं. न्याय मिळाला!

फक्त मामांच्या शेजारी आणखी एक फोटो होता. 'युवा नेत्या', मूठ उंचावलेली. म्हणजे मी. तो मामांच्या गालाखाली गेला.

म्हणून ही जाहीर मागणी. वाचणाऱ्यांनो, फोटो पाठवण्याआधी फाइल बदला, नुसतं नाव नको! आणि तो फ्लेक्स अजून तिथंच आहे. कमलनगरला आलात, तर मामांच्या कानामागून जी मूठ वर आलेली दिसते ती माझी आहे, हे निदान चार लोकांना थांबवून सांगा!