कोकरांचे कोट

आधी टेलर चाचांचं सांगतो, मग बाकीचं. हसनाबादेत मी टिकलो तो त्यांच्यामुळं. चाचांना मेंढरांतलं काही कळत नव्हतं. मलाही फारसं कळत नव्हतं.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि ओळखीच्या एका माणसानं एवढ्या लांब आणून एका शेतकऱ्याच्या मेंढरांवर ठेवलं. माघारी जायला तोंड नव्हतं. त्यात तो हिवाळा वाईट गेला. अवकाळी पाऊस, वर गारठा. मेंढरं खोकून खोकून मेली. मूठभर वाचली, त्यात तीन लेकुरवाळ्या: एक काळी, एक पांढरी, एक भुरी. मालक मनाचा वाईट नव्हता, पण पार खचला होता. म्हणाला, "हे तीन पिल्लं जगव. न्हाई जगले तर मंग तुपलं गाठोडं बांध."

त्यानंतर थंडी सरली, पण माझ्या डोक्यातून जाईना. दुपारी माझ्या पाठीवरून घाम निथळायचा आणि मी कोकरांच्या पोटाला हात लावून बघायचो, गार तर पडली नाहीत ना. मेंढरांच्या वाड्याशेजारीच चाचांचं दुकान. येता-जाता मी त्यांनाच विचारायचो, "चाचा, रात्री थंडी पडंल का?"

शेवटी चाचा वैतागले. "बेटा, तुझं थंडी-थंडी ऐकून मलाच शिंका येऊन राह्यल्या. आण त्यांना. कोट शिवून टाकतो."

मला वाटलं चेष्टा आहे. पण चाचांनी टेप काढला. छाती, गळा, लांबी. कोकरू हललं की, "सीधे खडे रहो मियाँ!" शाळेच्या गणवेशाचं उरलेलं निळं कापड पेटीत, डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेलं होतं. त्याचे तीन कोट झाले. कोटांना खिसेही होते. "खिशाशिवाय कोट म्हंजे काय कोट झाला?" असं चाचांचं म्हणणं.

कोट घालून कोकरं आयांकडं पळाली. काळीनं आपलं कोकरू हुंगलं आणि सरळ ढुशी मारली. पांढरीनं तेच, भुरीनं तेच. मेंढी आपलं पोर वासावर ओळखते आणि पोरांना तर डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी नुसता रडकुंडीला आलो. कोट काढले तरी वास जाईना. कोकरं उपाशी ओरडत होती आणि बघायला माणसं जमली होती.

"साहेब झाले ना ते! आता आई कशाला वळखंल त्यांला?"

"अर्ज द्या म्हणावं आधी, मंग दूध भेटंल!"

मी चाचांना म्हणालो, "कोकरं मेली तर मला घरी जावं लागंल."

चाचा गंभीर झाले. त्यांच्या हातचा कपडा आजवर कोणी परत आणला नव्हता. तिन्ही कोट उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "अस्तर न्हाई. म्हणून पसंत पडून न्हाई राह्यलं."

लोकर समोरच उभी होती. मी मेंढी धरायची आणि चाचांनी कापडाच्या कात्रीनं तिच्या पाठीवरची लोकर कापायची. त्यातही त्यांचा हट्ट: "काळ्याला काळीच, भुऱ्याला भुरीच. मॅचिंग बराबर पाहिजे." म्हणजे ज्याच्या त्याच्या कोटात ज्याच्या त्याच्या आईचीच लोकर गेली.

कोट पुन्हा चढवून कोकरं सोडली. काळीनं पुन्हा हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग ती ढुशी न मारता उभी राहिली आणि कोकरू शेपटी हलवत प्यायला लागलं. मागून पांढरी आणि भुरीही वळल्या.

मी म्हणालो, "चाचा, आईच्या लोकरीचा वास आला बघा त्यांना."

"वास-बीस काही न्हाई. अस्तर."

सकाळी मालक आला. पाठीला टक्कल पडलेल्या मेंढ्या आणि त्यांच्याखाली पिणारी कोटवाली पोरं तो बघत राहिला. "याईला काय उंदरानं खाल्लं का रं?" मग पोरांची टम्म पोटं चाचपून म्हणाला, "राह्य मंग."

राहिलो. अजून इथंच आहे. चाचा शिलाईच्या पैशांचा विषय काढू देत नाहीत. हिवाळ्यात दुकानाच्या दारात पातळ शाल घेऊन मशीन मारतात. माझी स्वतःची मेंढरं झाली की पहिल्या कातरणीची सगळी लोकर विणायला देऊन चाचांना घोंगडं करून देणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण देणार आहे.