बाक वाजला की थांबायचं

गिजरे बाईंच्या तासाला पहिला पाठ रिकाम्या वर्गाला द्यावा लागे. सांगलीच्या आमच्या कॉलेजात, शाळांमध्ये नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर वर्ग रविवारी भरायचा. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहायचो. पाठ देणारा फळ्यापाशी, समोर नुसते बाक आणि सगळ्यात मागच्या बाकावर बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पर्स. पाठ देणाऱ्याकडे त्या बघतच नसत. त्यांची नजर रिकाम्या बाकांवरून फिरत असे, अगदी सावकाश, खरी पोरं बसली असती तर फिरली असती तशी.

माझा पाठ झाला तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. कोयनानगरच्या शाळेत काही वर्षं इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळे हात चांगला बसला होता. हवेला प्रश्न विचारले, हवेकडून उत्तरं घेतली, शाबासकीसुद्धा दिली. बाई म्हणाल्या, "दत्ता, प्रश्न तुझा, उत्तरही तुझंच. मग पोरं काय आरती ओवाळायला बसवलीस?" सगळे हसले, मीही हसलो. मग त्या त्याच आवाजात म्हणाल्या, "खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी बोलणार होती. तू थांबला नाहीस."

मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे धूळ होती.

"बाई, तिथं कुणी नाही."

"बाक वाजला होता. तुझं लक्ष नव्हतं."

बाईंचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं. मूल उत्तर देण्याआधी जागच्या जागी हलतं, त्याचं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातं आणि बाक करकरतो. "परकी भाषा आहे ती," त्या म्हणायच्या. "पोराला आधी आत जाऊन शब्द शोधायचा असतो, मग त्याला हाताला धरून बाहेर आणायचं असतं. तोवर तुम्ही गप्प बसा. बाक वाजला की थांबायचं. उत्तर येईपर्यंत श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही." हे सगळं पटण्यासारखंच होतं. न पटणारी होती ती फक्त तिसऱ्या बाकावरची मुलगी.

तासगावचे पाटील सर आमच्यात वयानं मोठे. नापास झाल्यामुळे दुसऱ्यांदा बसलेले. चहाच्या गाड्यावर ते मला म्हणाले, "गड्या, ती पोरगी आमच्या वर्षालाबी हुती. त्येच्या आदीच्या लोकास्नीबी म्हाईत हाय. तेल लावल्याल्या येण्या, तोंडाफुडं मूठ. वय काय वाढत न्हाई तिचं."

"तुमी इचारलं न्हाई बाईंना?" गाड्यावर चहा पिताना माझ्याही तोंडात गावची भाषा येते.

"इचारलं की. म्हणल्या, तुमची न्हाई ती पाटील, तुमी चहा प्या."

मी हट्टानं विचारलंच. बाई म्हणाल्या, "तुझी आहे. येईल." त्या रविवारी कोयनेला परतताना मी एस्टीत खिडकीजवळ बसलो नाही, एवढं आठवतं.

बाई माधवनगरला एकट्या राहत. पूर्वी तिथे कापडगिरण्या होत्या आणि बाईंचे वडील त्यातल्या एकीत होते. गिरणी बंद होऊन किती काळ लोटला तरी बाई संध्याकाळी बोलता बोलता मध्येच थांबायच्या, मान जरा तिरकी करायच्या, आणि "भोंगा झाला, चहा टाकते," म्हणून उठायच्या. पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मी भाबडेपणानं कान दिला. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. चहा मात्र उत्तम होता, आलं घातलेला. थट्टा करावी तर त्यांचा चेहरा इतका साधा असे, की थट्टा आपल्याच घशात अडकायची. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

पाऊस ओसरला तसे आमच्या शाळेत डोंगरातल्या एका धनगरवाड्याची मुलं दाखल झाली. तिथली वस्तीशाळा बंद झाली होती. त्यातली सगुणा माझ्या वर्गात आली. वर्गात खिडकीजवळचा तिसरा बाक रिकामा होता, त्याची एक फळी सैल असल्यामुळे तिथे कुणी बसत नसे. ती सरळ जाऊन तिथे बसली. तेल लावलेल्या वेण्या. मी नाव विचारलं, तशी तिनं मूठ वळून तोंडापुढे धरली. माझ्या हातातला खडू खाली पडला. पोरांना वाटलं सर गमतीनं पाडतात.

सगुणा बोलत नसे. इंग्रजी नाही, मराठीही नाही, हजेरीलाही नाही. हेडमास्तर वैतागले. तिच्या वडिलांना बोलावलं, तर ते पटका काढून दारातच उभे राहिले. "सर, घरी लय बोलती ओ. म्हशींसंगं तर दिसभर बोलती. हितंच का गप व्हती, म्हाईत न्हाई." मग म्हणाले, "दिवाळीपत्तोर बगतो. न्हाई बोलली तर काढतो शाळंतनं. म्हशीमागं तरी उपेग हुईल. मुकी म्हून पोरं हसत्यात तिला, आमच्या जीवाला लागतंय." त्यांचा राग आला नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं.

मी हरतऱ्हेनं पाहिलं. चित्रं, गाणी, गोळ्यासुद्धा. शेवटी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुझा शेवटचा पाठ तुझ्याच शाळेत व्हायचाय, तो बघायला मी येणारच आहे. तोवर तिला काही विचारू नकोस." बस, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाई आल्या. डोंगरातल्या वळणांनी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाणीसुद्धा न पिता त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. सगुणाकडे त्यांनी वेगळं असं पाहिलंही नाही. ओळखीच्या माणसाकडे कोण रोखून बघतं?

पाठ आवाजांवरचा होता. मी डोळे मिटायला लावून विचारत होतो, "व्हॉट डू यू हिअर?" पोरं हात वर करत होती. आय हिअर अ बस. आय हिअर अ क्रो. एकजण म्हणाला, आय हिअर युवर चप्पल, सर. हशा पिकला. तो विरला आणि मी तिसऱ्या बाकाकडे वळलो.

"सगुणा, व्हॉट डू यू हिअर?"

मूठ तोंडाकडे गेली. मागून कुणीतरी खुसखुसलं. माझ्या जिभेवर पुढचा प्रश्न आला होता आणि तेवढ्यात सैल फळी करकरली. मी थांबलो. पोरंही का कोण जाणे, गप्प झाली. ती शांतता किती लांबली ते सांगता येणार नाही. बाहेरचा कावळाही थांबला होता. सगुणा हळूहळू उभी राहिली, मूठ खाली आली, आणि खणखणीत आवाजात ती म्हणाली, "आय हिअर डोंगर."

कुणी हसलं नाही. कारण मग आम्हालाही ऐकू आला, जमिनीच्या पोटातून येणारा तो घुमारा, आणि पाठोपाठ खिडक्यांची तावदानं थडथडली. कोयनेच्या पोरांना भूकंपाचं काय कौतुक! सवयीनं ओळ करून सगळी मैदानात गेली, सगुणाही गेली. धक्का लहानच होता. मी डोकी मोजली, सगळी होती. बाई नव्हत्या.

धावत आत गेलो. त्या तशाच बसल्या होत्या, डोळे मिटून, मांडीवर पर्स. साडीवर भिंतीचा चुना पडला होता.

"बाई, उठा!"

"डोंगराला इंग्रजीत काय म्हणतात ते उद्या शिकव," त्या म्हणाल्या. "आज एवढं पुरे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हुंदकाच आला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

सगुणाला कुणी शाळेतून काढलं नाही. धक्क्यानंतर वडील धावत शाळेत आले, तर मैदानात ती त्यांच्या वाट्याचंही बोलत होती.

पुढच्या रविवारी बाईंनी रिकाम्या वर्गाकडे पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "तिसरा बाक मोकळा झाला. आता पहिल्यावर एक आहे. मनगटाचा काळा दोरा सारखी पिळते." भिंतीशी उभं राहून मी एकट्यानंच ते ऐकलं असावं, कारण पाटील सर म्हणाले, बाई तर काही बोलल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी बाई वारल्या, त्या संध्याकाळी शेजारच्या काकू त्यांच्याकडे बसल्या होत्या. "बोलता बोलता थांबल्या, मान अशी तिरकी केली," काकू मला सांगत होत्या. "मला वाटलं, भोंगा. मी आपली चहाची वाट बघत बसले हो."

आता रविवारचा वर्ग माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसताना मला अवघडल्यासारखं झालं. बाईंसारखं काही दिसणार नाही हे ठाऊक होतं, आणि दिसलंही नाही. जतची एक तरुण शिक्षिका फळ्यापाशी उभी होती. तिनं प्रश्न विचारला, स्वतःच उत्तर दिलं, पुढचा विचारला. आणि मधल्या त्या एवढ्याशा फटीत पुढचा बाक करकरला. मी स्पष्ट ऐकलं.

"पहिल्या बाकावरची मुलगी बोलणार होती," मी म्हणालो. "तुम्ही थांबला नाहीत."

भिंतीशी उभे असलेले हसले. ती हसली नाही. खडू घट्ट धरून तिनं विचारलं, "सर, मनगटाचा काळा दोरा पिळते तीच का?"

ती खूण मी कुणालाच सांगितली नव्हती. मी म्हणालो, "पुन्हा विचारा."

तिनं रिकाम्या बाकाकडे वळून, अगदी मऊ आवाजात, प्रश्न पुन्हा विचारला. मग आम्ही सगळे थांबलो.