कस्तुराबाईचा घसा

आकुर्डीचं खंडोबाचं देऊळ मागं पडलं तेव्हा नीट उजाडलं होतं. थेरगावातून पहाटे निघालेल्या आम्ही दोघी निगडीच्या दुर्गा टेकडीकडं चाललो होतो. नवरात्राची पाचवी माळ. कस्तुराबाईच्या पायात चप्पल नव्हती. घसा मोकळा झाला तर अनवाणी येईन, असं ती गेल्या नवरात्रात देवीला बोलली होती, आणि घसा मोकळा झाला होता. एवढ्या वाटेत ती एकदाही खाकरली नव्हती. खरं तर आनंदानं चालायची वाट होती ती. पण आदल्या संध्याकाळी कासारवाडीहून तिच्या विहिणीचा फोन आला होता. वर्षालीचं, म्हणजे कस्तुराबाईच्या एकुलत्या एका मुलीचं, पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"जरा बसायचं का?" मी विचारलं.

"नको माय. बसलं की डोक्यात तेच येतंय. चालत असलं की निदान खडे टोचतेत."

कस्तुराबाई आमच्याच मजल्यावर राहते. मूळची अंबाजोगाईकडची. नवरा रंगराव रिक्षा चालवतो, आणि ती चाकणला एका फाउंड्रीत वाळूचे साचे करायला जाते. वाळूत कसलं तरी रसायन कालवतात, साचा तापला की त्याचा उग्र वास नाकात बसतो. शिफ्ट सुटताना गेटपाशी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. गुळानं पोटातली धूळ उतरते, अशी तिथं समजूत आहे. धूळ उतरत असेलही, पण कस्तुराबाईच्या घशातलं काही उतरलं नाही.

तिचं दुखणं सांगायला अवघड होतं. ताप नाही, शिंका नाहीत, नाकही पुढून वाहायचं नाही. नाकामागून घशात काहीतरी चिकट ओघळत राहायचं, आणि ते सुटावं म्हणून ती दिवसभर खाकरायची. आडवी झाली की जास्तच. कितीतरी वर्षं ती भिंतीला टेकून बसूनच झोपली. कोरोना आला तेव्हापासून तर कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. "पाय पसरून जायला मिळतंय की," असं म्हणायची, आणि तोंड खिडकीकडं करायची. थुंकी तपासून झाली, छातीचा फोटो झाला. टीबी नव्हता. पण कागद काय सगळ्यांना दाखवत फिरायचा?

आणि इलाज तिचा तिनंच काढला होता. धुरी. बाळंतिणीला देतात तशी. तव्यात निखारे, त्यावर ओवा आणि वेखंड, डोक्यावरून गोधडी. तिची आई गावात बाळंतिणींचं करायची, धुरानं कफ जळतो हे तिनं आईकडून घेतलेलं. म्हणजे दिवसभर कंपनीत नाइलाजानं धूर आणि संध्याकाळी घरी येऊन हौसेनं धूर. आमच्या मजल्यावरच्या बायका सर्दी झाली की तिच्याच गोधडीत डोकं घालायच्या.

शेवटी मी तिला महापालिकेच्या दवाखान्यात नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी नाकात नळी घालून बघितलं.

"छातीत काही नाही. नाकाच्या आत सूज आहे, तिथून मागं गळतंय. धुराजवळ असता का तुम्ही?"

"धुरी घेते की रोज. त्याच्यावरच तर तगलेय."

"मावशी, त्यानंच वाढलंय," बाई म्हणाल्या.

कस्तुराबाई घरी येईपर्यंत माझ्यापुढं चार पावलं चालत राहिली. आईचं शिकवलेलं कुणी खोटं ठरवलं की माणसाला लागतंच. बाईंनी नाकात मारायचा फवारा दिला होता, उशी उंच घ्यायला सांगितलं होतं, कामावर मास्क, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुवायचं. पहिल्या दिवशी मोरीत मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. पाणी एका नाकपुडीतून घातलं ते घशात गेलं आणि ती ठसकली.

"बुडूनच मरायचं तर पवना जवळ हाय की. मोरीत कशाला मारता मला?"

रंगराव बाहेरून म्हणाला, "सोंड आली का गं?"

"आली की तुमालाच पयला फवारा."

पण धुरी बंद केली आणि पाणी सोडलं नाही. महिना-दीड महिना काही फरक दिसेना. मग एका सकाळी रंगराव घाबरून आमच्या दारात आला. बायको आडवी झोपली होती आणि घरात आवाज नव्हता, एवढंच झालं होतं. मी देवापुढं दिवा लावला. उदबत्ती मात्र आता आमच्याही घरात लावत नाही, भिंत एकच आहे.

ते दिवस चांगले होते. वर्षालीला दिवस गेले होते. कस्तुराबाईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, खाट एका अंगाला सरकवली, कंपनीत रजेचं बोलून ठेवलं.

गौरी गेल्यावर सातव्या महिन्याचं डोहाळजेवण तिनं घरीच केलं. खोली फुलांनी सजवली, वर्षालीला हिरवी साडी. आणि ओटी भरायच्या आधी हिनं देवीपुढं निखाऱ्यावर धूप घातला. मी डोळ्यांनी नको म्हटलं. ती म्हणाली, "लेकीच्या ओटीला देवी बिनधुपाची ठिवू का? एकदाच तर हाय." पंख्याखाली बायका दाटीनं बसलेल्या, दार लोटलेलं. धूर खोलीभर झाला. हातात नारळ घेऊन ती वर्षालीपुढं वाकली आणि धुरानं तिला खोकल्याची उबळ आली. नारळ माझ्या हातात देऊन ती मोरीत पळाली. तिथून तिचं खोकणं-खाकरणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. वर्षालीची सासू आक्काबाई पदर नाकाला लावून बसली होती. ओटी मग मीच भरली.

कालचा फोन तिचाच. स्पीकरवर होता, मी शेजारी भाजी निवडत होते. आक्काबाई वाईट बोलली नाही, उगाच का सांगू.

"पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतंय विहीणबाई. पण कोवळं लेकरू, एकच खोली."

"टीबी न्हाई हो मला. रिपोर्ट दावते."

"रिपोर्ट चांगलाच असेल. पण मी कानानं ऐकलं ना. लेकराला काही झालं तर तुम्हालाच आयुष्यभर लागून राहील. वर्षालीला अजून बोलले नाही मी. कसं सांगायचं बघते."

कस्तुराबाई "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

टेकडीच्या पायथ्याशी फुलांच्या टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. मी वेणी घेतली. कस्तुराबाईच्या टाचेला खडा लागून रक्त आलं होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"नवस फेडायलाच पाहिजे होता का, एवढं झाल्यावर?" मी विचारलं.

"देवीनं दिलं ते दिलं. धूप मी घातला, तिनं न्हाई." मग ती म्हणाली, "वर्षाली तुमाला लई मानती. आज संध्याकाळी कासारवाडीला जाऊन या. सासू सांगायच्या आत तिला तुमी सांगा, आईच नको म्हनली. कंपनीतनं रजा न्हाई, आईला कामच जास्त हाय, असं सांगा."

"देवीच्या पायरीवर खोटं बोलायला सांगतेस मला?"

"ती रडंल, माझ्यावर चिडंल. चिडू द्या. सासूवर चिडली तर त्याच घरात तिला बाळ वाढवायचंय. मी सांगितलं तर फोनवर माझा आवाज फुटंल, म्हनून तुमाला सांगते. तुमी खोटं बोलत न्हाई हे तिला ठावं हाय. तुमचं ती खरं मानंल. एवढं करा, ताई."