राणीच्या नाटकातले नाना

२३ नोव्हेंबर १९५८, रविवार. दिवाळी आटोपली म्हणून ठेवणीतली लुगडी उन्हात टाकली होती. दुपारी त्यांच्या घड्या घालून, डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून ट्रंक भरत होते, तेवढ्यात कोपरीचा वसंता आला. दारातच उभा राहून म्हणाला, "काकू, नाना गेले. खडवलीला. परवा." मी त्याला आत बसवलं, चहा दिला, चकल्या उरल्या होत्या त्या दिल्या. त्याने खाल्ल्या नाहीत. तो गेल्यावर उरलेली लुगडी ट्रंकेत घातली, पण एकाचीही घडी नीट पडेना. शेवटी ट्रंक तशीच उघडी ठेवली आणि लिहायला बसले.

नानांइतकं नेटकं लुगडं नेसवणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि यात मी बायकाही धरते. तोंडात एका बाजूला पानाचा तोबरा, दुसऱ्या बाजूला दोन टाचण्या, आणि समोर एखादं वळवळणारं पोर. नाना त्याच्याभोवती एक फेरी मारत आणि पोराची गौळण झालेली असे. निऱ्या अशा बसत की पोराने उडी मारली तरी हलू नयेत. मला ते म्हणत, "वहिनी, तुम्ही निरी धरता ती भाकरी धरल्यासारखी. निरी बोटांनी धरायची नाही, नुसती सांगायची." सांगायची म्हणजे काय, ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्या निऱ्यांना मी टाचण्याच लावते.

दिवसा ते ठाण्याच्या बाजारात एका कापडदुकानात नोकरीला होते. गिऱ्हाईक बाई घोटाळायला लागली की नाना धोतरावरूनच लुगडं स्वतःला गुंडाळून, पदर खांद्यावर टाकून उभे राहत. उंच, हाडकुळा, मिशी नसलेला पन्नाशीचा माणूस, डोक्यावर काळी टोपी, आणि अंगावर हिरवं इरकल! बाया पदर तोंडाला लावून हसत आणि लुगडं घेऊन जात. लहानपणी ते नाटक कंपनीत बायकांची कामं करत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी विचारत नसे. बसताना मात्र त्यांचा हात नकळत मांडीवर जाई आणि नसलेल्या निऱ्या सावरून घेई. आम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं करत असू.

टेंभी नाक्याच्या अलीकडे, आमच्या आळीतच, त्यांची एक खोली होती. खोलीत पेटी, सतरंजी, पानाचा डबा आणि बाकी आळीतली पोरं. नानांना बायको नाही, मूल नाही. पोरांना ते फुकट गाणं शिकवत. कुणी पैशाचं काढलं तर म्हणत, "दुकानातून मिळतात की. इथेही दुकानच मांडू काय?"

एकोणीसशे एकोणपन्नास साली आमच्या आळीच्या मंडळाने मुलांचं संगीत नाटक बसवायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष अप्पा वकील. नाटक मंडळातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, त्यात राजा, राणी, वनवास सगळं होतं. नाव लांबलचक संस्कृत होतं, त्यामुळे सगळे त्याला राणीचं नाटक म्हणत. गाणी बसवणं आणि पात्रं निवडणं नानांकडे आलं. कपडेपट माझ्याकडे आला, कारण आळीत शिवणाचं मशीन माझ्याकडे होतं. मुलींनी स्टेजवर उभं राहायला मंडळाची तयारी नव्हती, तेव्हा राणीही मुलगाच होणार होता.

पात्रं निवडायची नानांची एक तऱ्हा होती. पोरं यायची, छाती काढून म्हणायची, "नाना, गाऊन दाखवू?" नाना म्हणायचे, "नको. शाळेतनं बाकं आण." पहिला आठवडा कुणालाही काम नाही, नुसती हमाली. सतरंज्या घाला, बाकं वाहा, पाणी भरा. नाना कोपऱ्यात डोळे मिटून सुपारी चघळत बसायचे. मला वाटलं, माणूस पेंगतोय. एकदा दोघं बाक आणत होते आणि मागचा केकाटला, "अरे सोड, पाय मेला माझा!" नानांनी डोळे उघडले. "हा कोण ओरडला?"

"मी नाय, नाना, बाक यानं सोडला!" पोरगा पाय धरून म्हणाला.

"परत ओरड."

पोरगा घाबरून परत ओरडला. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, राणी मिळाली. माप घ्या."

तो हा वसंता. कोपरीच्या आगरी घरातला, बाप मिठागरावर. मी विचारलं, तुम्ही गाऊन का दाखवू देत नाही? नाना म्हणाले, "गाताना पोर दुसऱ्यासारखं गातं. बोंबलताना आपल्यासारखं बोंबलतं." आणि जी पोरं हमालीला आली त्यातलं एकही त्यांनी परत पाठवलं नाही. गळा नसलेले द्वारपाल झाले, उंची नसलेले हरणं झाले. वनवासात इतकी हरणं झाली की राजाराणीला उभं राहायला जागा उरेना. अप्पा वकील वैतागले. "अहो, वन आहे की कोंडवाडा?" नाना म्हणाले, "आलेल्याला घ्यायचं असतं, अप्पा."

वसंता गायला लागला की मी मशीन थांबवत असे. मला गाण्यातलं कळत नाही, पण हातातलं काम सुटायचं एवढं खरं. नाना पेटीवर मान खाली घालून बसत. स्वतः ते कधी गात नसत. चाल सांगायची तरी पेटीवर बोटांनी वाजवून दाखवत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "आमचा बाजार उठला."

नाटक नाताळच्या सुट्टीत होतं. दिवाळीनंतर वसंताचा आवाज मध्येच चरचरायला लागला. झालं, सगळी आळी वैद्य झाली. कुणी ज्येष्ठमध दिलं, कुणी खडीसाखर, कुणी हळद घालून दूध. जोशीकाकूंनी दह्याताकाची बंदी केली. वसंताची आई रेल्वेचा पूल ओलांडून आली आणि म्हणाली, "नाना, पोराचा गला काय सुटत नाय. मिठाच्या पान्यानं गुळन्या देते, तरी नाय." एवढ्या बायाबापड्यांनी पोरं वाढवलेली, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही की हे दुखणं नाही, पोरगा मोठा होतोय. माझ्याही नाही. मी त्याला रोज आल्याचा रस पाजत होते. नाना सगळ्यांचं ऐकून घेत आणि म्हणत, "द्या, द्या. आल्याने वाईट होत नाही."

ते फोडलं तबलजीने. पोस्टातले भाऊ तबल्याला होते. एका संध्याकाळी ते हातोडी आपटून म्हणाले, "नाना, रोज पट्टी उतरवताय. काळी चारमध्ये सुरू केलं होतं, आता कुठे आलो बघा! माझा तबला मडक्यासारखा वाजतोय." तेव्हा सगळ्यांना कळलं. नाना पोराच्या आवाजाच्या पाठोपाठ थोडी थोडी पट्टी खाली आणत होते, कुणाला कळू न देता. वसंताला वाटत होतं, आल्याने गुण आला.

लगेच मंडळाची बैठक बसली. अप्पा वकिलांचं म्हणणं गैर होतं असं मी म्हणणार नाही. तिकिटं खपली होती, शाळेचं पटांगण घेतलं होतं. ते म्हणाले, "पोराचा आवाज फुटलाय. तो काही आपल्यासाठी थांबणार नाही. जोश्यांच्या दिलीपला गाणी पाठ आहेत. याला द्वारपाल करा, त्याला राणी."

नाना म्हणाले, "नाही."

"नाना, भावनेने नाटक होत नाही."

तेव्हा नाना बोलले. इतकं एकदम बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "मी कंपनीत राणीच होतो, अप्पा. लोक माझ्या नावाने तिकिटं काढायचे. मालक मला आपल्या ताटात जेवायला घेत. पंधराव्या वर्षी आवाज फुटला. कंपनी मुंबईहून नाशिकला निघाली होती. कल्याणला मालक म्हणाले, जरा उतर, पाणी घेऊन ये. पाणी घेऊन आलो, तर माझी ट्रंक फलाटावर आणि गाडी हललेली. ट्रंकेवर घरचं तिकीट ठेवलं होतं. घरी काय तोंड दाखवायचं? राहिलो कल्याणलाच, एका कापडवाल्याच्या ओट्यावर. या पोराला मी बाक वाहताना उचललंय. मी त्याला फलाटावर ठेवणार नाही."

शेवटी अप्पा म्हणाले, "ठीक. पण शोभा झाली तर ती तुमची."

"माझीच," नाना म्हणाले.

शोभा झाली. पटांगण भरलं होतं. वसंताला निळा शालू नेसवून नाना स्वतः खाली पेटीवर जाऊन बसले. पहिली दोन पदं निभावली. तिसरं पद वनवासातलं, त्यात एक तान वर जाते. वसंता वर गेला आणि तिथे आवाज मोडला. एक विचित्र घोगरा हुंकार निघाला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, पुढच्या खुर्च्याही हसल्या. वसंता शालू धरून उभा. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी विंगेत होते. पडदा टाका म्हणून कुणीतरी सांगत आलं.

मग खालून आवाज आला. नाना गात होते. ते मोडलेल्या जागेपासून पुढे निघाले आणि ती ओळ त्यांनी संपवली. आवाज चांगला होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. कोरडा होता, फाटलेला होता, वर जायला त्यालाही जमत नव्हतं. पण कुठे जायचं ते त्याला नेमकं माहीत होतं. वसंताने खाली पाहिलं. मग हात उचलला, मान वळवली, आणि नानांच्या गाण्यावर अभिनय करायला लागला. दुसऱ्या कडव्याला त्याने स्वतः सूर धरला, खालचा, पुरुषाचा. नाकात नथ आणि आवाज बाप्याचा! लोक हसले, थांबले, परत थोडे हसले. पण पद पुरं झालं. हरणं विंगेत रडत होती, त्यांच्या शिंगांचे कागद भिजले.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी मंडळाने ठराव केला की पुढल्या वर्षापासून संगीताची बाजू दुसऱ्या कुणाकडे द्यावी. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण आळीत बोलणं सुरू झालं. फुटक्या गळ्याचा माणूस पोरांचे गळे काय घडवणार? जोशीकाकू नळावर म्हणाल्या, "आमच्या दिलीपला नाही हो पाठवणार मी आता. वसंताचं काय झालं, बघितलंत ना!" जसं काही नानांनीच त्याला मिसरूड फोडलं.

नाना पुढे चार-पाच वर्षं आळीत राहिले. मग गुडघे गेले, तेव्हा भाचीकडे खडवलीला राहायला गेले. मी दोनदा भेटून आले. तिथेही ओसरीवर पोरं होतीच. वसंता दर दिवाळीला जायचा. तो आता कारखान्यात आहे, कोपरीच्या भजनात त्याच्या खर्जाला मान आहे. नानांची आठवण मला रोज येत नाही, संसारात तेवढी सवड नसते. पण शेजारचा एखादा पोरगा जिन्यातून आईला हाक मारतो आणि ती हाक मध्येच चिरते, तेव्हा वाटतं, हे कुणाला तरी सांगावं. आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं. गेली चार वर्षं ते निदान खडवलीला होतं.

नाटकानंतरच्या सोमवारी संध्याकाळी मी नाटकासाठी मागून आणलेली लोकांची लुगडी गोळा करायला नानांच्या खोलीवर गेले होते. सुट्टी होती, आणि सुट्टीत पोरं दोन्ही वेळा तिथेच असायची. नानांनी सतरंजी भिंतीपासून भिंतीपर्यंत घातली होती. पेटी उघडी होती. सतरंजीवर कुणी नव्हतं.

"पोरं कुठायत?" मी विचारलं.

"सकाळीही आली नाहीत." त्यांनी लुगडी माझ्यापुढे ठेवली, प्रत्येकाची घडी करून, वर मालकिणीच्या नावाची चिठ्ठी. वसंताही आला नव्हता, तो लाजेने घराबाहेर पडत नव्हता.

"येतील दोन दिवसांनी," मी म्हटलं.

"वहिनी, पहिल्यांदा गाडीतून उतरवलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो," नाना पेटीचा भाता बंद करत म्हणाले. "त्या वयात माणूस कुठेही राहतो."

मी लुगड्यांचं गाठोडं उचललं आणि घरी येऊन भात टाकला. रात्री ह्यांना सांगितलं, नलूला उद्यापासून नानांकडे घालते. हे म्हणाले, "नलूला? अगं, तिची आरती ऐकून गणपती कान झाकून घेतो." खोटं नव्हतं. आमची नलू आठ वर्षांची, गोड पोर, पण सुराशी तिचं कायमचं वाकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नलूच्या दोन वेण्या घातल्या, धुतलेला परकर नेसवला आणि तिला नानांकडे नेऊन सतरंजीच्या मधोमध बसवलं. नाना म्हणाले, "वहिनी, हिला आवाज..." मी म्हटलं, "नाहीये. मला माहीत आहे. शिकवा." मग मी बरोबर आणलेल्या मेथीच्या जुड्या घेऊन बाहेर ओट्यावर बसले, अगदी रस्त्याकडे तोंड करून. ती कचेरीची वेळ होती, सगळी आळी तिथूनच स्टेशनकडे जाते. आतून पेटीचा सा निघाला आणि त्याच्या बराच शेजारून नलूचा. अप्पा वकील छत्री घेऊन चालले होते, ते थबकले.

"काय वहिनी, आज इथे?"

"आमची नलू गाणं शिकते नानांकडे," मी म्हटलं, समोरच्या जोशीकाकूंच्या खिडकीपर्यंत पोहोचेल इतक्या मोठ्याने, आणि दुसरी जुडी सोडली.