भिंतीचे कान बुजवणाऱ्या काकी

आमच्या शेजारच्या काकींइतके हळू बोलणारे माणूस साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरे झाले नसेल. त्या काही सांगू लागल्या की आधी त्यांचा श्वास कानाला लागायचा, शब्द मागून यायचे. कधी यायचेही नाहीत. गुडीहत्नूरच्या बाजारात मीठ घ्यायचे तरी त्या दुकानदाराच्या कानाशी वाकत. तो म्हणायचा, "अम्मा, नमकच मांगते ना, जोर से बोलो." मग काकी मीठ न घेताच परतत आणि मला म्हणत, "घरातलं मीठ संपलं हे साऱ्या बाजाराले काऊन सांगू वं?" भिंतीला कान असतात, असे आपण सगळेच म्हणतो. पलीकडे कोणी उभे असेल, जपून बोला, एवढाच त्याचा अर्थ. काकींना तो पुरत नव्हता. ही म्हण कुठून आली ते त्यांनी मला ओढ्यातल्या मोठ्या खडकावर बसवून सांगितले, कारण दगड बहिरा असतो. "पेरताना माणूस बोलते, ते माती आयकते," त्या म्हणाल्या. "आयकते म्हून तर उगवते. त्याच मातीची भिंत केली, मंग तिचे कान जातीन कुठं?" म्हणून त्या सदा भिंती लिंपत असायच्या. बारीकशी भेग दिसली की बोटाने शेणमाती भरायच्या. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये भिंत म्हणून कापसाच्या पऱ्हाट्यांचा एकच कूड होता. तो त्यांच्या बाजूने इतका जाड झाला, की आमचे हे म्हणायचे, "काकीचं घर आतून लहान होऊन राह्यलं."

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा पावसाळा. हत्यारबंद माणसे गावोगाव फिरत होती. हिंदुस्थानात सामील व्हा, असे म्हणणाऱ्याला उचलून नेत, आणि नेलेला परत येत नसे. काकींचा धाकटा भाऊ भर बाजारात तसे बोलला होता. तेव्हापासून तो बेपत्ता होता. काकी विधवा, घरात एकट्या. आणि एका दुपारी मी भाकरी थापत असताना कुडापलीकडून पुरुषाचा आवाज आला, "बाई, पाणी दे." भाकर माझ्या हातातच फाटली. काकींना 'बाई' म्हणणारा त्यांचा भाऊ एकटाच. मी हे कोणाला सांगितले नाही, घरधन्यालाही नाही. पण त्या दिवसापासून गल्लीत कुत्रे भुंकले तरी मी दाराशी जाऊन बघायची.

काकींनाही आवाज बाहेर जाईल असे वाटले असावे. त्यांनी भर पावसात घर आतून-बाहेरून लिंपायला काढले. पावसाळ्यात बाहेरून कोणी लिंपत नाही. सकाळी लावलेले दुपारी ओघळून जायचे, की काकी पुन्हा पाटी घेऊन हजर. ज्या घराकडे कोणी पाहू नये, त्याच्याकडे सारे गाव पाहू लागले.

मग ती माणसे आली. आमचे हे शेतात होते. त्यांच्यातल्या मोठ्या मिशीवाल्याने ओल्या भिंतीवरून बोट फिरवले. "बुढ्ढी, बारिश में लिपाई कायको?" काकींनी तोंड उघडले, नुसता वारा बाहेर आला. त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला. मी आमच्या दारात उभी होते. परक्या पुरुषापुढे मी तोवर कधी बोलले नव्हते. सासऱ्यांनाही उत्तर दाराआडून द्यायची. पदराच्या आतून कसे कोण जाणे, शब्द निघाले, "अंदर नको जाव. देवी आल्या. माता निकली."

देवी आलेले घर आमच्याकडे सारवतात, हे त्यालाही माहीत होते. त्याने पाय निखाऱ्यावरून काढावा तसा काढला. पण दाराकडे बघून म्हणाला, "नीम किधर है?"

देवी आल्या की दाराला कडुनिंब बांधतात, तो नव्हता. "लाने को जाऊन राह्यली," मी म्हटले आणि त्यांच्यामधून वाट काढत पारामागच्या झाडाकडे गेले. डहाळी इतक्या घाईने ओढली, की निम्मी पाने तिथेच गळाली. मी परत आले तेव्हा ती माणसे गावाबाहेरच्या वाटेला लागली होती.

काकींनी मला शाबासकी दिली नाही. त्यांना आता दुसरीच भीती. "देवीचं नाव खोटं घेतलं वं सूनबाई. ते कोपन." मग त्यांनी देवी आल्यावरचे सारे नेम भावाकडून पाळून घेतले. धडधाकट माणूस कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेला, जेवणात तेल नाही, फोडणी नाही. "बाई," तो कुडापलीकडे कुरकुरायचा, "ते लोक मारतीन तवा मारतीन, तू मले बिनफोडणीच्या वरणानंच मारशीन." पैनगंगेचा पूर ओसरला तसा तो नदीपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात निघून गेला.

पुढे किती दिवस त्याची खबर नव्हती. काकींनी कोणाला विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे सांगणेच. नदीकडून कोणी आले की त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहत आणि तो बोलण्याआधीच घरात शिरत.

निजामाचे राज्य गेले आणि भाऊ भर उन्हात, चारचौघांत चालत आला. लोक जमले. काकींनी त्याला हाताला धरून आत ओढले आणि दार लावून घेतले. मग हैदराबाद राज्यही मोडले. आम्ही तेलुगू राज्यात गेलो, तो नदीपलीकडे मराठी मुलखातच राहिला. भाऊबीजेला यायचा. परत निघाला की काकी वेशीपर्यंत जायच्या, आणि तो कापसाच्या शेतांतून लांब गेला की त्यांचे ओठ हलायचे. मी शेजारी उभी असायची, तरी मला ऐकू यायचे नाही. तो कधी मागे वळून बघायचा, कधी नाही.