सरदाराची बायको घरी काहून थांबली?

मला ऐतिहासिक कादंबऱ्या लागतात, त्यातही प्रेमाच्या. ज्याला हसायचंय त्यानं खुशाल हसावं. मी बारावी शिकलेली, गावात ब्लाऊज शिवते. केजला अस्तर आणायला गेले की स्टँडवरून एखादं जाडजूड पुस्तक घेऊन येते. पण एकटीनं वाचण्यात मजा नाही. कुणाला तरी वाचून दाखवावं, त्यानं काहीतरी वाकडं बोलावं, आपण चिडावं, तेव्हा कुठं पुस्तक अंगी लागतं.

मागच्या वर्षी आणलेल्या कादंबरीत एक सरदार होता. पहिल्याच प्रकरणात त्याला नदीच्या घाटावर ती दिसते, लगेच लग्न होतं, आणि लगेच स्वारी मोहिमेवर. उरलेलं सगळं पुस्तक ती बिचारी सज्जात उभी. आणि पानापानावर चांदणं. त्या लेखकाच्या राज्यात अमावस्या म्हणून नव्हतीच! तरी मला आवडली. खोटं कशाला बोलू, मी चांगली हुंदके देऊन रडले.

कारण मीही वाट बघत होते. मालक पुण्याला ड्रायव्हरकीला गेले. आधी सणावाराला यायचे, मग नुसता फोन यायचा, मग तोही बंद झाला. त्यांनी तिकडं दुसरं घर केलंय हे गावाला माझ्याआधी कळलं. मी मंगळसूत्र काढलं नाही. कुणी विचारलं तर ‘येतील की’ म्हणायचे. कादंबरीतली ती दासीला म्हणते की वाट पाहणं हीसुद्धा लढाईच आहे. त्या वाक्याखाली मी कापडावर खुणा करायच्या खडूनं रेघ ओढली होती.

ऐकायला असायची समोरची शेजारीण. दुपारी हुक लावायला माझ्याकडं यायची. ती न् तिचा नवरा दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणार, थेट कोल्हापूरकडं. मी मोहिमेचं प्रकरण अगदी रंगात येऊन वाचत होते, तर हिनं मधेच विचारलं, “ताई, सरदार गेला, मंग ही घरी काहून थांबली?”

“अगं, लढाई ती! बायका जात नसत्यात.”

“मंग त्याला भाकरी कोण थापतंय? मोळ्या कोण उचलतंय?”

“मोळ्या कुठल्या आल्या गं माय? तलवारी हायत तिथं!”

“तेच की. एकट्याला मुकादम तरी धरतोय व्हय?”

आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावर वाहणार. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. तिनं आमच्या सरदाराला सरळ अर्ध्या कोयत्यात काढलं! मी हसून हसून बेजार झाले.

ती मात्र हसली नाही. हातातला हुक लावत म्हणाली, “ज्याला न्यायचं असतंय त्यो नेतोय, ताई.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक धाडकन मिटलं. “नेऊन काय सोन्याच्या ताटात जेवायला घालतोय का तुजा? पोटुशी असताना मोळ्या वाहिल्यास की! फडावरच्या पाचटाच्या कोपीत काय सुख हाय गं?”

“सुख कुठलं आलंय,” ती म्हणाली, “पण भांडायला माणूस असतंय.”

मी मशीन चालू केली.

दिवाळी झाली, ट्रक आले आणि आमची गल्ली चूल-भांड्यांसकट त्यात बसून गेली. दारोदार कुलपं. मागं म्हातारी माणसं, थोडी लेकरं आणि मी. गिऱ्हाईकही गेलं. माझी मशीन पार शाळेपर्यंत ऐकू जायला लागली. कादंबरीचा शेवट तसाच राहिला होता, पण पुस्तक उघडलं की समोरची रिकामी जागा दिसायची. मला करमत नव्हतं. स्वैपाक करायचासुद्धा कंटाळा यायचा.

अशात एके दिवशी सकाळी दिराचा फोन आला. “वहिनी, दादाची तब्येत ढासळलीय. तिथलं घरबी मोडलं त्याचं. संक्रांतीला येतो म्हणतोय, आता कायमचाच. काय सांगू त्याला? संध्याकाळी फोन करतो, ईचार करून ठेवा.”

हो म्हणावं की नाही? मी मशीनवर कापड टाकलं, पुन्हा काढलं. शेवटी कादंबरी घेतली आणि एका बैठकीत संपवली. म्हटलं, बघू तरी, तिनं काय केलं. सरदार परत आला, केस पिकलेले. तिनं ओवाळलं. चांदणं होतंच. समाप्त.

पुस्तक मांडीवरच होतं, तेवढ्यात शेजारणीचा फोन. उसाची गाडी भरून गेली होती, दुसरी यायची होती, म्हणून जरा टेकली होती. “ताई, आला का गं त्यो सरदार?”

“आला. आजच वाचलं.”

“मंग? आल्या आल्या काय बोलला?”

मी पान काढलं. “‘राणी, आम्ही फार थकलो,’ म्हणला.”

“आन तिला काय इचारलं? कशी हायस, जेवलीस का, कायतर?”

फोन कानाशी धरून मी पानं चाळली. त्यानं लढाया सांगितल्या होत्या, जखमा दाखवल्या होत्या, मेलेल्या घोड्यासाठी डोळ्यात पाणी आणलं होतं.

“न्हाई गं. न्हाई इचारलं.”

“आगं बया! एवढ्या वर्सांनी येऊन?” ती म्हणाली. मग सहज, नेहमीसारखं, “तू जेवलीस का, ताई?”

मी थंड चुलीकडं बघितलं. दिवस कलायला आला होता आणि माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. तिकडं कुणीतरी गाडी आल्याची हाळी दिली. “ऐकू येईना व्हय? जेव आदी!” ती ओरडली आणि फोन कट झाला.

मी तवा ठेवला. दोन भाकरी केल्या, लसणाची चटणी घेतली आणि सावकाश, पोटभर जेवले. हात धुते न धुते तोच दिराचा फोन.

“वहिनी, मंग काय सांगू दादाला?”

“येऊ द्या की, भाऊजी. घर त्यांचंबी हाय,” मी म्हणलं. “फकस्त येताना जेवून या म्हणावं.”